नवी बॅटरी टाकूनही गाडी बंद? जुन्या गाडीतला चार्जिंगचा बिघाड असा शोधा

सकाळी ऑफिसला निघायची घाई, किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून फक्त ‘टक टक टक’ असा आवाज आला. मग सोसायटीचा वॉचमन आणि दोन पोरं बोलावून धक्का, सेकंड गिअर, क्लच सोडला की गाडी एकदाची सुरू. संध्याकाळी बॅटरीच्या दुकानात गेलं की ठरलेला प्रश्न येतो, “किती वर्षं झाली बॅटरीला? तीन? मग बदलून टाका.” चार-पाच हजार रुपये जातात, गाडी दोन आठवडे झकास चालते आणि एका सकाळी पुन्हा तोच ‘टक टक टक’.

जुनी गाडी वापरणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. यात गंमत अशी, की अनेकदा बॅटरीचा दोषच नसतो. ती उपाशी राहिलेली असते. तिला वीज पुरवणारा अल्टरनेटर आळसावलेला असतो, त्याला फिरवणारा पट्टा सैल असतो, नाहीतर मधल्या एखाद्या वायरला गंज चढलेला असतो. दुरुस्ती काही रुपयांची असते आणि खर्च होतो नव्या बॅटरीचा. वर ती नवी बॅटरीही महिनाभरात खराब व्हायला लागते.

हा बिघाड शोधायला गॅरेजची मोठी यंत्रं लागत नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीनशे-पाचशे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो. मारुती ८००, ओम्नी, झेन, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी सुमो किंवा बोलेरो अशा गाड्यांना पुढची सगळी माहिती लागू पडते. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र संगणकच चार्जिंगचा व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

आधी थोडं गणित समजून घेऊ

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. बॅटरी म्हणजे ती टाकी, अल्टरनेटर म्हणजे खालून पाणी चढवणारी मोटर आणि रेग्युलेटर म्हणजे टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा फ्लोट. बॅटरीचं मुख्य काम गाडी सुरू करणं. स्टार्टर, म्हणजे आपल्याकडचा ‘सेल्फ’, त्या दोन-चार सेकंदांत शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढतो. एकदा इंजिन सुरू झालं, की दिवे, हॉर्न, वायपर, ब्लोअर, इग्निशन सगळ्यांची वीज अल्टरनेटरने द्यायची आणि बॅटरीतून गेलेली वीजही भरून काढायची.

अल्टरनेटरच्या आत एक फिरणारा भाग असतो, रोटर. त्याला दोन छोट्या कार्बन ब्रशमधून थोडासा करंट मिळतो आणि त्याचं चुंबक बनतं. ते चुंबक फिरलं, की भोवतीच्या स्थिर गुंडाळीत, म्हणजे स्टेटरमध्ये वीज तयार होते. ही वीज एसी असते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून आत डायोडची पट्टी बसवलेली असते. रेग्युलेटर रोटरचा करंट कमी-जास्त करून बाहेर येणारा व्होल्टेज साधारण १४ च्या आसपास ठेवतो. म्हणजे ब्रश, डायोड, रेग्युलेटर, बेअरिंग आणि पट्टा. बिघाडाचे संशयित बहुतेक वेळा याच पाचांत असतात, आणि सहावा संशयित म्हणजे वायरिंग.

खूप जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता आणि त्याच्या जोडीला ‘कटआउट’चा डबा. डायनॅमो कमी वेगात फारशी वीज देत नाही. त्यामुळे अशा गाडीत सिग्नलला उभं असताना लाल दिवा मिणमिणला तर तो दोष मानायचा नाही, इंजिनचा वेग वाढल्यावर विझला की झालं. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र ही सवलत नाही. गोंधळ एवढाच, की बरेच मेकॅनिक आजही अल्टरनेटरलाच ‘डायनॅमो’ म्हणतात. बिल हातात आलं की नेमकं काय बदललं ते विचारून घ्यावं.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा नेमकं काय सांगतो?

बॅटरीचं चित्र असलेला तो लाल दिवा बॅटरीची तब्येत सांगतो, असा सर्वसाधारण समज आहे. तसं नाही. जुन्या गाड्यांत या दिव्याच्या एका बाजूला इग्निशनमधून बॅटरीचा व्होल्टेज येतो आणि दुसरी बाजू अल्टरनेटरला जोडलेली असते. किल्ली ऑन केली आणि इंजिन बंद असलं, की एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य. करंट वाहतो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो. फरक उरत नाही म्हणून दिवा विझतो. थोडक्यात, दोन्ही बाजूंमध्ये फरक आहे एवढंच तो सांगतो.

यातून तीन गोष्टी कळतात. किल्ली ऑन केल्यावर दिवा लागलाच नाही, तर तो शुभशकुन समजू नये. बल्ब गेलाय किंवा त्याची वायर तुटलीय. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचं चुंबकत्व याच बल्बमधून येणाऱ्या करंटमुळे मिळतं. त्यामुळे बल्ब गेला की अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावरच सुरू होतं. एका छोट्याशा बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदलला जाण्याचे प्रकार यातूनच घडतात.

दुसरी गोष्ट, इंजिन सुरू असताना दिवा ठळक लाल राहिला तर अल्टरनेटर काहीच देत नाहीये. आणि तिसरी, दिवा अंधारातच दिसेल इतका मंद पेटत राहिला, तर एखादा डायोड गेला असण्याची किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी व्होल्टेज अडण्याची शक्यता मोठी. दिवसा हा मंद उजेड दिसत नाही. संशय असेल तर रात्री डॅशबोर्डवर हात आडवा धरून बघावं.

आणि हो, दिवा विझला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. अल्टरनेटर १३ व्होल्ट देत असेल तरी दिवा विझतो, पण तेवढ्यावर बॅटरी पूर्ण भरत नाही. दिवा नाही, तरी बॅटरी उतरते, अशी तक्रार असते ती बहुतेक इथली.

मीटर हातात घेण्याआधी

इंजिन बंद करून बॉनेट उघडा आणि आधी पट्टा बघा. त्याच्या सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने जोर दिला, तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीगणिक थोडा बदलतो, पण दोन-अडीच सेंटिमीटर दबत असेल तर पट्टा सैल आहे. कडेला भेगा, आतल्या बाजूला आरशासारखी चकाकी, सुटलेले धागे दिसले तर बदलायची वेळ झाली. सकाळी गाडी सुरू करताच किंवा हेडलाइट लावताच ‘चीं’ असा आवाज येत असेल, तर पट्टा पुलीवर घसरतोय. पावसाळ्यात हा आवाज हमखास वाढतो. लोक तो बंद करायला पट्ट्यावर साबण, पावडर, तेल काहीही लावतात. तेलाने तर पट्टा आणखी घसरतो आणि रबर खराब होतं. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणणंही चूक, कारण मग अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

मग बॅटरीची टर्मिनल. पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसते, ती सगळ्यांना कळते. पण खरा चोर असतो क्लॅम्पच्या आतल्या बाजूला बसलेला काळपट थर, तो बाहेरून दिसत नाही. टर्मिनल हाताने पिळून बघा. जराही हललं तर ते सैल आहे. साफ करताना आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह, आणि बसवताना उलट. कारण सोपं आहे. निगेटिव्ह आधी सुटलं, की पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. हातातली अंगठी, कडं काढून ठेवावं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओतला की भुकटी फसफसून निघते, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. मग सँडपेपरने चमक येईपर्यंत घासून, घट्ट बसवून, वरून व्हॅसलीन.

तिसरी जागा सगळेच विसरतात. ती म्हणजे अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे जोडलेली असते तो बोल्ट, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी विणीची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे या पट्टीशिवाय त्याचा बॉडीशी विजेचा धड संबंध राहत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही पट्टी आतून कुजलेली सापडते. ती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी क्लचच्या तर कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर अशी केबल गरम लागली, तर बिघाड शोधायचं काम तिथेच संपलं.

आता मल्टिमीटर

मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. लक्षात ठेवा, टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नाही. नाहीतर खराब जोड लपून राहतो.

पहिलं रीडिंग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं घ्या. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फसवतो. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करावेत, थोडं थांबावं आणि मग मोजावं. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ‘बारा व्होल्ट दाखवतंय, बॅटरी ओके आहे’ हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, पण १२ दाखवणारी बॅटरी जवळपास रिकामी असते.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने आकडा बघायचा. भरलेली, निरोगी बॅटरी साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. आधी १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळली, तर बॅटरीच गेलेली आहे, अल्टरनेटरला दोष देऊ नका. उलट बॅटरी १२ च्या वर टिकून राहिली आणि सेल्फ फिरलाच नाही, एकच ‘टक’ झालं, तर बॅटरी चांगली असून दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये किंवा केबलमध्ये आहे.

बॅटरीला वरून उघडणारी झाकणं असतील तर हायड्रोमीटरची तपासणी सगळ्यांत खात्रीची. बॅटरीच्या दुकानात ती लगेच होते. भरलेल्या बॅटरीत सगळ्या कप्प्यांचं रीडिंग १२५० ते १२८० च्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ असावं. पाच कप्पे १२६० आणि एकच ११५० दाखवत असेल, तर तो कप्पा मेला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी दोन दिवसांत पुन्हा धोका देणार.

तिसरं रीडिंग चार्जिंगचं. इंजिन सुरू, दिवे बंद, वेग आयडलिंगपेक्षा थोडा जास्त. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिनाभोवती गरम झालं की अनेक रेग्युलेटर व्होल्टेज थोडा उतरवतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात लांबचा प्रवास करून आल्यावर १३.६ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आता हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.२-१३.३ च्या वर टिकायला हवा.

इंजिन सुरू होऊनही आकडा १२.३ वरच राहिला आणि हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग बंद आहे. काही लावलेलं नसताना १४ आणि दिवे लावताच १२.५ होत असेल, तर पट्टा घसरतोय, ब्रश झिजलेत किंवा डायोडची एखादी जोडी गेली आहे. आणि आकडा १५ च्या वर चढला तर रेग्युलेटर गेला. हा शेवटचा प्रकार दुर्लक्षित राहतो, कारण गाडी सकाळी झोकात सुरू होते. पण बॅटरीचं पाणी सारखं आटत असेल, बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, हेडलाइटचे बल्ब महिन्या-दोन महिन्यांत उडत असतील, तर रोज डिस्टिल्ड वॉटर ओतण्याऐवजी आधी हा आकडा मोजावा. अशा बॅटरीजवळ काडी किंवा सिगारेट पेटवू नये, तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

एक महत्त्वाची अट. चार्जिंगची ही तपासणी बऱ्यापैकी भरलेल्या बॅटरीवरच करावी. पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरचा सगळा करंट स्वतःच ओढून घेते आणि चांगल्या अल्टरनेटरचाही आकडा कमी दिसतो. शिवाय मेलेल्या बॅटरीला तासन्‌तास पूर्ण ताकदीने चार्ज करण्यात अल्टरनेटर तापून डायोड उडू शकतात. म्हणून बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर भरून घेणं शहाणपणाचं.

अल्टरनेटर देतोय, पण बॅटरीपर्यंत पोचतंय का?

इथे बहुतेकांची तपासणी थांबते आणि इथेच पैसे वाया जातात. बॅटरीवर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवला जातो, रिपेअर होऊन येतो, बसतो आणि पुन्हा १२.८. कारण वीज तयार होत होती, फक्त वाटेत अडकत होती.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. इंजिन सुरू, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे ‘बी प्लस’वर, आणि काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही टोकं पॉझिटिव्हलाच, हे वाचायला विचित्र वाटतं, पण मीटर इथे वायरीच्या दोन टोकांमधला फरक मोजतो. चांगल्या वायरीत तो ०.२-०.३ व्होल्टच्या आत असतो. अर्धा, एक व्होल्ट दिसला तर मधे कुठेतरी गंजलेला जोड, अर्धवट तुटलेली वायर किंवा खराब मेन फ्यूज आहे. आणि पूर्ण दोन-अडीच व्होल्टचा फरक आला, तर फ्यूजच उडालेला असायची शक्यता.

तसंच निगेटिव्ह बाजूला. एक टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर, स्वच्छ जागी, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ पेक्षा जास्त फरक नको. जास्त आला तर मघाची ती अर्थिंगची पट्टी. हे करताना ओढणी, टाय, लोंबती साखळी, मोकळे केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावेत. मारुतीसारख्या गाड्यांतला रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो न सांगता मध्येच सुरू होतो.

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी सकाळी गाडी मेलेली

मग रात्री कोणीतरी वीज खातंय. जुन्या साध्या गाडीत बंद अवस्थेत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एवढंच जिवंत असतं. ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त ओढ असायचं कारण नाही. हिशोब करा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवडे निभावून नेते. पण डिकीत ५ वॉटचा एक बल्ब पेटता राहिला तर ओढ जाते ०.४ अँपिअरवर, दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. दोन रात्रींत बॅटरी निम्म्याच्या खाली. शनिवार-रविवार गाडी उभी राहते आणि सोमवारी सुरू होत नाही, ते यामुळे.

तपासायला किल्ली काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटर १० अँपिअरवर लावा, लाल पिन त्यासाठीच्या वेगळ्या भोकात घाला आणि सुटलेली वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ओढ जास्त दिसली तर फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. अनुभव असा, की तो बहुधा गाडीबरोबर आलेल्या वायरिंगमध्ये नसतो. मागाहून बसवलेला स्टिरिओ, अँप्लिफायर, सेंट्रल लॉक, सायरन, रिव्हर्सला वाजणारं गाणं अशा कुठल्यातरी जोडणीत तो सापडतो.

सगळे फ्यूज काढूनही ओढ तशीच राहिली तर अल्टरनेटरवरच संशय घ्या. शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरीची वीज उलटी अल्टरनेटरमध्ये झिरपते. याची घरगुती खूण म्हणजे गाडी रात्रभर उभी असूनही सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. मीटर एसीवर ठेवून डायोड तपासायची पद्धतही आहे, सुरू इंजिनावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर डायोड संशयास्पद. पण स्वस्तातले काही मीटर एसीवर ठेवून डीसी मोजलं की चक्क २५-३० सारखा भलताच आकडा दाखवतात. असा आकडा दिसला तर दोष मीटरच्या घडणीचा, गाडीचा नाही.

रस्त्यात लाल दिवा लागला तर?

आधी तापमानाचा काटा बघा. मारुती ८००, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर अशा गाड्यांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच वॉटर पंपही फिरवतो. लाल दिवा लागला आणि काटा वर चढू लागला, म्हणजे पट्टा तुटला. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार नको, तेवढ्यात हेड गॅसकेट जातं. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी.

डिझेल गाडीवाल्यांनी तर जास्त सावध असायला हवं. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो, डिझेलमध्ये तो मिळत नाही. म्हणून सुमो, बोलेरोसारख्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक जात नाहीत, पण सगळा जोर पायाने लावावा लागतो. ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना लाल दिवा लागला तर त्याचा अर्थ हाही असू शकतो. खालचा गिअर टाकून, ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरत गाडी थांबवावी.

पट्टा शाबूत आहे आणि नुसतं चार्जिंग बंद पडलंय, तर बॅटरीच्या जिवावर काही अंतर जाता येतं. पेट्रोल गाडीचं इग्निशन चार-पाच अँपिअर घेतं. दिवसा, बाकी सगळं बंद ठेवून, चांगली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-चार तास ओढते. पावसाळी रात्री हिशोब बदलतो. हेडलाइटचे ९ अँपिअर, मागचे दिवे, वायपर, ब्लोअर धरून पंचवीसच्या घरात आकडा जातो आणि हाताशी उरतो जेमतेम पाऊण-एक तास. इंजिन मध्ये बंद करू नका, पुन्हा सेल्फ मारायला ताकद उरलेली नसेल.

एक जुनी सवय सोडून द्यावी

गाडी सुरू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर ‘डायनॅमो चांगला’. ही परीक्षा आजही कित्येक ठिकाणी होते. डायनॅमोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटर पूर्ण चार्ज करत असताना बॅटरी अचानक काढली, तर व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतो. डायोड, रेग्युलेटर, स्टिरिओ आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम, काहीही उडू शकतं. कोणी पाना घेऊन टर्मिनलकडे वळलं तर आधी इंजिन बंद करायला सांगावं.

वायरमनकडे जाताना

‘चार्जिंग होत नाही, बघा जरा’ असं सांगण्याऐवजी आकडे सांगावेत. रात्रभर उभी १२.५, सुरू असताना १२.७, बी प्लसपासून बॅटरीपर्यंत फरक ०.१, पट्टा ठीक. एवढं ऐकल्यावर अनुभवी वायरमन वायरिंग सोडून थेट अल्टरनेटर उघडतो. आत बहुधा कार्बन ब्रश झिजलेले सापडतात. अल्टरनेटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर चार्जिंग क्षणभर सुरू होत असेल, तर ब्रशच समजा. ब्रशची किंमत किरकोळ असते. रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंगही बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये सुटे बदलता येतात. व्हॅक्यूम पंपाचं ऑइल गळून ब्रशवर गेलं असेल तर आधी पंपाचं सील बदलून घ्यावं, नाहीतर नवे ब्रशही टिकत नाहीत. मूळ अल्टरनेटरची गुंडाळी शाबूत असेल तर स्वस्त, बिननावाचा नवा घेण्यापेक्षा तोच दुरुस्त करून घेणं बहुतेकदा चांगलं.

जुनी बॅटरी ‘जमा करून’ नवी घ्यायचा सल्ला मिळालाच, तर त्याआधी तिचं हायड्रोमीटर रीडिंग समोर घ्यायला लावावं. आणि दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्यापूर्वी बॉनेट उघडंच ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर टेकवून आकडा स्वतः बघावा. तो १३.३ च्या वर टिकत नसेल तर गाडी तिथेच ठेवावी.